मारुतीचा पाट

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात बाराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये दर शनिवारी दुपारी चार वाजता कीर्तन उभं राहायचं. कीर्तनकार मधुवंती, हातात झांजा, श्रोते दोनच: सोफ्यावर पेंगणारे तिचे यजमान चारुदत्त आणि फोनच्या व्हिडिओतून ऐकणारी लेक अश्लेषा. तिच्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असत. डब्लिनमधली बँकेची नोकरी सोडून ती आयर्लंडच्या पश्चिमेला एका खेड्यात एकटीच राहायला गेली होती. दगडी भिंतींचं बैठं घर, मागे परसबाग, सहा कोंबड्या. ऋतू देईल ते खायचं आणि वर त्याचे आभार मानायचे, म्हणायची.

सिंगापुरात बारा महिने तोच उकाडा, तोच पाऊस. मधुवंतीला ऋतू कळायचे ते लेकीच्या बागेवरून. वसंतात रुबार्ब नावाच्या आंबट भाजीचे लाल देठ, उन्हाळ्यात मातीतून उकरलेले बटाटे, मग कुंपणावरच्या काळ्या ब्लॅकबेरी. सगळं नुसतं डोळ्यांनी चाखायचं. हृदय नाजूक म्हणून डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास कायमचा बंद केला होता आणि बाग-कोंबड्या सोडून लेकीला निघता येत नव्हतं. देवाजवळ तिचं मागणं एवढंच, की एकदा पोरीच्या केसांवरून हात फिरवू दे.

रामकथा चालते तिथे मारुतीराय ऐकायला येतात, म्हणून समोर एक पाट रिकामा मांडायचा, ही तिच्या माहेरची रीत. ती अश्लेषानेही उचलली होती. सफरचंदाच्या झाडाखाली ती एक बुटकं लाकडी स्टूल मांडायची आणि शेजारी गवतावर बसायची.

एप्रिलमध्ये मधुवंतीच्या पाटावर दव दिसलं.

"एसी गळतोय गं," चारुदत्त म्हणाले.

ऑगस्टमध्ये पाटाच्या कडेला काळी, भुसभुशीत माती. ऑक्टोबरात सफरचंदाचं एक पिवळं पान.

"वाऱ्यानं आलं असेल."

"बाराव्या मजल्यावर? आणि सिंगापुरात सफरचंदाचं झाड कुठलं हो?"

चारुदत्तांनी पान उलटसुलट करून पाहिलं. मधुवंतीने मात्र हात जोडले.

पुढच्या शनिवारी तिने अशोकवनाचं आख्यान लावलं. परमुलखात एकटी बसलेली सीता आणि समुद्र ओलांडून तिच्यासाठी आलेला मारुती. गाता गाता ती थांबली. चरण अर्धाच राहिला. फोनमध्ये लेक मान खाली घालून बसली होती.

समुद्र ओलांडणाऱ्याच्या पाटावर आपण घटकाभर टेकलो, तर तो काय रागावणार आहे? मधुवंतीने झांजा खाली ठेवल्या आणि ती पाटावर बसली.

थंडी.

ओल्या गवताचा वास, मागून चुलीचा धूर. कोंबड्यांची कुजबुज. आणि हाताखाली केस, दवाने ओलसर, मऊ. तिने ते जीव भरेपर्यंत कुरवाळले.

"आई," अश्लेषा हळूच म्हणाली, "किती ऊबदार आहेत गं तुझे हात."

मधुवंती दचकून उठली.

फ्लॅट. पंख्याची घरघर. तिचे तळवे ओले होते. चारुदत्त फोनकडे टक लावून पाहत होते.

"मधू," ते म्हणाले, "तू उठलीस ना?"

तिने फोनमध्ये पाहिलं. झाडाखालच्या स्टुलावर तिचीच जांभळी साडी नेसलेली बाई लेकीच्या केसांतून बोटं फिरवत बसली होती. ती उठलीच नव्हती.

लेकीला हाक मारायला मधुवंतीने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

आवाज फोनमधून आला. अर्धा राहिलेला चरण, तिच्याच सुरात.