दहाचं इंजेक्शन

दार ओढून घ्या, आणि मध्ये कुणी हसायचं नाही. माझ्या हाताखाली तयार झालेला एक लिफ्ट मेकॅनिक आहे, त्याच्या घरात घडलेलं सांगतोय. मला सांगताना त्याच्या हातातला चहा तसाच निवून गेला होता.

सात वर्षांत त्याच्या बायकोचे चार गर्भ गेले. कधी आठव्या आठवड्यात, कधी दहाव्या. लोक म्हणायचे, जिने चढली असेल, जड उचललं असेल. लोकांच्या जिभेला कुठे हाड असतं? चौथ्यानंतर एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी दोघांचं रक्त तपासलं, गर्भपिशवी पाहिली, थायरॉईड, साखर, काही म्हणून सोडलं नाही. शेवटी सापडलं. हिच्या रक्तात गुठळ्या व्हायच्या आणि बाळाकडे जाणारं रक्तच अडायचं.

"तुझं काहीही चुकलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्या एका वाक्यावर ती तासभर रडली.

उपाय होता. दिवस राहिले की रोज रात्री दहाला पोटावर इंजेक्शन. चुकवायचं नाही. स्वतःच्या पोटात सुई खुपसायचा तिला धीर व्हायचा नाही, म्हणून हा द्यायचा. आधी हात धुवायचे, टोचायचं, परत हात धुवायचे. ती भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटून घ्यायची. आता अकरावा आठवडा लागला होता. इथवर आधी कधी मजल गेली नव्हती.

सहा फेब्रुवारी, मंगळवार. रात्री सव्वानऊला फोन आला. आठ मजली इमारतीत लिफ्ट अडकलेली, आत एक म्हातारे गृहस्थ.

"अर्ध्या तासात आलो," म्हणून हा निघाला. तिने आतून कडी लावली.

अर्ध्या तासाचं काम कसलं! ब्रेक सुटता सुटेना. लिफ्टच्या मशीनच्या खोलीत फोनला रेंज नाही. म्हातारबुवांना बाहेर काढलं तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. जिन्यात येऊन त्याने घरी फोन लावला.

"अगं, उशीर झाला. निघतोच आहे."

ती पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली, "निघतोय म्हणजे? आत्ताच तर टोचलंत."

"कुणी टोचलं?"

"असं काय करता... तुम्ही आत हात धुताय ना."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

फोनमधून नळाचा आवाज येत होता. बारीक धार. मग नळ बंद झाला.

"अहो..." ती म्हणाली. "मग आत कोण आहे?"

फोन कट झाला.

गाडी कशी चालवली, त्याला आठवत नाही. दार आतून बंद. त्याची हाक ऐकून तिने कडी काढली. त्याने घर पालथं घातलं. कुणी नाही. खिडक्यांचे गज जागच्या जागी.

तिच्या पोटावर सुईचा ताजा ठिपका. टेबलावर रिकामी सिरिंज.

"पाहिलंस तू?"

"माझा डोळा लागला होता. मला वाटलं, झोपेतच उठून कडी काढली असेल मी. मग पोटाला हात लागला, तसे डोळे मिटून घेतले... हात गार होता."

"आणि?"

"दुखलं नाही. रोज दुखतं."

तसाच तिला घेऊन तो दवाखान्यात गेला. काय टोचलं असेल, कुणी टोचलं असेल... सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघायची त्याची छाती होईना. मग बाई म्हणाल्या, "ठोके छान आहेत." रक्त तपासलं. औषध तेच होतं, आणि नेमकं तेवढंच.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. आता घरभर धावते.

एक गोष्ट मात्र त्याने बायकोला अजून सांगितलेली नाही.

त्या पहाटे दवाखान्यातून परतल्यावर तो हात धुवायला गेला. बेसिनपुढे बादली उपडी घातलेली होती. नळाशी हात पोचावा म्हणून कुणी चढायला घेईल, तशी. हिला तर वाकायचीही मनाई. त्याने दिवा लावला.

बादलीच्या बुडावर दोन पावलं उमटली होती. पहाट झाली तरी ओली.

केवढी म्हणता?

सहा वर्षांच्या पोराची असावीत तशी... हा माझा हात बघा, एवढी.