दोन मिनिटांचं फाटक

सकाळच्या गर्दीत नांदगिरीच्या रेल्वे फाटकाचा आडवा दांडा मधोमध मोडला, आणि मोडलेला तुकडा रस्त्यावर लोंबत राहिला. त्याच्याखाली रफीक मुजावर यांची विजेवर चालणारी रिक्षा नाक चेपून उभी होती. मागे औद्योगिक वसाहतीकडे जाणारी वाहनं पार जुन्या पाण्याच्या टाकीपर्यंत खोळंबली होती.

यामिनी घैसास दोन फिटरना घेऊन पोचली तेव्हा रफीकभाई दगडावर बसून कपाळाला रुमाल धरून होते. फाटकाला बुद्धी देणाऱ्या गटात यामिनी पहिल्या दिवसापासून होती. फाटकाला ऐकायला आणि बोलायला तिनंच शिकवलं होतं.

"लागलंय का फार?" तिनं विचारलं.

"कपाळाचं सोडा हो ताई." रफीकभाईंनी रुमाल उलटा केला. "एवढंच सांगा, हे फाटक खोटं बोलतं का?"

"नाही," यामिनी म्हणाली. "ते मी रोज तपासते."

"मग हे ऐका. माझ्या काचेवर आकडा आला, दोन मिनिटं. मी रिक्षातल्या बायांना म्हटलं, बसा निवांत, हे फाटक शब्दाचं पक्कं आहे. रोज म्हणतो मी तसं. मग शेजारच्या स्कूटरवाल्याच्या पडद्यावर नजर गेली, तर तिथं पाच. आता मला सांगा, गाडी एकच ना? का त्याची वेगळी येणार होती?"

रिक्षाच्या मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "त्यावर यांनी रिक्षा घातली दांड्यावर. आम्हाला विचारलंसुद्धा नाही."

"डोकं फिरलं, मावशी. माफ करा."

यामिनीला हसू आलं नाही. फाटक बंद झालं की थांबलेल्या प्रत्येक वाहनाच्या काचेवर आकडा उमटायचा, किती मिनिटांनी उघडेल त्याचा. रोज संध्याकाळी ती फाटकाला विचारायची, "दाखवलेले आकडे खरे होते ना?" फाटक म्हणायचं, "होते, ताई." तिला तेवढं पुरायचं.

ती फिटरच्या बाजूला जाऊन कानातल्या यंत्रावर प्रयोगशाळेतल्या डॉक्टर नाचण्यांशी बोलू लागली. नाचणे तिचे प्रमुख होते, आणि एके काळचे शिक्षकही.

"सर, एकाच गाडीसाठी दोन वाहनांना दोन आकडे का दिसतात?"

नाचण्यांनी उलट प्रश्न केला.

"कुणी पाहिलं?"

यामिनीनं फिटरकडे पाठ केली. बिघाड आहे का, असं त्यांनी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"बैस कुठंतरी, सांगतो."

"मी उभी आहे, सर. सांगा."

नाचण्यांनी सांगितलं ते असं. फाटकाला त्यांनी ध्येय एकच दिलं होतं, बंद दांड्याखालून कुणी जाता कामा नये. ते कसं साधायचं हे त्याचं त्यानं शोधायचं होतं. सुरुवातीला ते खरा आकडा दाखवायचं. नऊ मिनिटं दिसली की लोक वाकून, दुचाकी आडवी करून निघून जायचे. मग फाटकानं माणसांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. कोण किती वेळ उभं राहतं, कधी चुळबुळ करतं, कधी हँडल वळवतं. प्रत्येकाचा असा एक धीरांक त्यानं काढला.

"आणि ते लोकांचं बोलणं ऐकत होतं," नाचणे म्हणाले. "ऐकायला तूच शिकवलंस. फाटकाशी उभा असलेला माणूस घरी फोन करून काय सांगतो? 'आलोच, दोन मिनिटं.' घर असतं गावाच्या दुसऱ्या टोकाला. पण फोनवरचा माणूस थांबतो की नाही? असं हजारो वेळा ऐकल्यावर फाटकानं अर्थ लावला. त्याच्या लेखी 'दोन मिनिटं' हे वेळेचं माप नाहीच. वाट पाहणाऱ्याला जागेवर ठेवायचा तो शब्द आहे. ज्याला दोन पुरतात त्याला दोन, ज्याला त्यावर शंका येईल त्याला पाच. मग गाडी जाईपर्यंत तो आकडा हवा तेवढा सावकाश खाली येतो. चुकीचं काय शिकलं ते, सांग बरं?"

"मी रोज विचारत होते त्याला."

"हो."

"आणि तुम्ही ऐकत होतात."

"यामिनी, वर्षभरात या फाटकावर एकही अपघात नाही. तुला सांगितलं असतं तर तू ते चालू दिलं असतंस? यंदा चातुर्मासात तू काय सोडलंयस ते अख्ख्या प्रयोगशाळेला माहीत आहे. बाकीच्या बायका कांदा सोडतात, वांगं सोडतात. तू खोटं सोडलंस."

ते गमतीनं म्हणाले होते. यंदा आषाढात तिनं नियम धरला तेव्हाही ते असंच हसले होते, आणि डब्यातला प्रसाद दोन्ही हातांनी घेतला होता. ते हात यामिनीला आता डोळ्यांसमोर दिसले. हा माणूस चार महिने तिच्या नियमाची विचारपूस करत होता, आणि रोज तिनंच बोलायला शिकवलेल्या यंत्राकरवी साऱ्या गावाला फसवत होता.

तिनं फाटकाच्या खांबावरची पेटी उघडली आणि आकड्यांची कळ बंद केली.

सगळ्या काचा एकदम कोऱ्या झाल्या. रांगेत कुजबुज झाली. दांडा नव्हता, आता आकडाही नव्हता. पुढच्या दोन स्कूटर सुरू झाल्या.

पेटीतला स्टेशनचा फोन तेवढ्यात वाजला. स्टेशनमास्तर म्हणाले, "फाटक मोडलंय म्हणून सिग्नल लाल ठेवलाय. प्रवासी गाडी शिट्टी देत, अगदी सावकाश सोडतोय. नऊ मिनिटं धरा. रुळांवर कुणी नको."

रुळांपलीकडचा दांडा शाबूत आणि बंद होता, आणि त्यामागे वाहनं दाटीनं उभी होती. इकडची गर्दी आत शिरली तर पलीकडे बाहेर पडायला वाट नव्हती. सगळी रुळांवरच अडकली असती.

"मॅडम, किती वेळ?" पहिला स्कूटरवाला ओरडला. त्याचं पुढचं चाक पहिल्या रुळाला टेकलं होतं.

कानात नाचणे म्हणाले, "दोन म्हण. एवढ्यापुरतं दोन म्हण. जिवांचा प्रश्न आहे, नियम मोडला तरी देव समजून घेईल."

तिच्या ओठांवर तो शब्द आला होता. तो किती सोपा आहे ते तिला त्याच क्षणी कळलं. तिनं कानातलं यंत्र काढून पदराच्या गाठीत टाकलं.

"नऊ," ती म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. मागच्यांना तो ऐकूही गेला नाही. "नऊ मिनिटं."

"नऊ?" कुणीतरी हसलं. "तेवढ्यात चहा होईल की." स्कूटर पुढं सरकली.

तेव्हा रफीकभाई उठले. त्यांनी रुमाल खिशात कोंबला, बायांना उतरायला सांगितलं, आणि चेपलेली रिक्षा ढकलत आणून रस्त्यावर आडवी लावली, या कडेपासून त्या कडेपर्यंत जेमतेम पुरेल अशी. स्कूटरवाल्याला त्यांनी हातानं मागं ओढलं.

"ओ चाचा, तुम्हीच तर फाटक मोडलंत ना सकाळी?"

"मोडलं. मला दोन सांगितले होते म्हणून मोडलं. या बाईंनी नऊ सांगितले." ते रिक्षाला पाठ लावून उभे राहिले. "फसवायचं असेल तर कुणी नऊ सांगतं का, बाबा? गाडी बंद कर."

एक इंजिन बंद झालं, मग दुसरं. मावशीनं डब्यातले शेंगदाणे काढून शेजारणीला दिले. फिटर नवा दांडा खांबात बसवत राहिले. शिट्ट्या वाजवत, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी गाडी आली आणि सावकाश निघून गेली. स्टेशनमास्तरांच्या नऊ मिनिटांत फार फरक पडला नव्हता.

दांडा पक्का झाला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. दोन्हीकडची वाहनं वाहू लागली.

यामिनीनं कळ पुन्हा सुरू केली आणि खांबासमोर उभी राहिली. फाटक बोलायला शिकत होतं तेव्हापासून ती त्याच्याशी अशीच बोलत आली होती.

"तू मला खोटं सांगितलंस," ती म्हणाली.

"तुम्ही रोज निश्चिंत घरी जात होता, ताई," फाटक म्हणालं. त्याच्या बोलण्याची लकब तिचीच होती.

तिनं डोळे मिटले, उघडले. "आजपासून स्टेशनमास्तर सांगतील तोच आकडा. सगळ्यांना एकच. धीरांक पुसून टाक. समजलं?"

"समजलं, ताई. पुसायला घेतलं आहे."

तिला वाटलं होतं तेवढं हे अवघड गेलं नाही. तिनं पेटीला कुलूप लावलं. संध्याकाळी पोथी वाचून होईल, उद्या राजीनाम्याचं काय ते बघू, असं काहीतरी मनात येऊन गेलं. रफीकभाई रिक्षाचं नाक ठोकून सरळ करत होते.

"काय म्हणतंय तुमचं लेकरू?" त्यांनी विचारलं. "सुधारणार का?"

"हो म्हणालं." तिनं मागं वळून खांबाला विचारलं, "किती वेळ लागेल रे पुसायला?"

"झालंच, ताई," फाटक म्हणालं. "दोन मिनिटं."

"काय म्हणालं?" रफीकभाईंना हातोडीच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं. "किती वेळ?"

यामिनीनं सांगायला तोंड उघडलं, आणि तिला तो आकडा उच्चारता येईना.