झाडलेली वाट

सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला की योतामू खराटा घ्यायचा आणि लुआंग्वा नदीकाठच्या त्या सफारीच्या तळावरची एकूण एक पाऊलवाट झाडून काढायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय स्वच्छतेची हौस या माणसाला! हौस कसली डोंबलाची? झाडलेली वाळू म्हणजे योतामूची कोरी पाटी. अंधारात तिच्यावर कोण काय लिहून गेलं ते तो पहाटे वाचायचा, मॅनेजरबाईंना सांगायचा आणि मगच पाहुण्यांना तंबूबाहेर पडायची मुभा मिळायची. पाणघोडा कुठून वर चढला, तरस कुठल्या तंबूशी घुटमळलं, सगळं त्याला कळायचं. तळावरच्या माणसांची पावलं तर त्याला तोंडपाठ होती. "चेहरा खोटं बोलतो, टाच बोलत नाही," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगे. बावीस वर्षांत त्याचं वाचणं कधी चुकलं नव्हतं, आणि पहाटेची खबर देताना तो कधी खोटं बोलला नव्हता.

तेही एकदा झालं, ऑक्टोबरातल्या एका पहाटे. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. नदी आटून मधोमध आली होती आणि उरल्यासुरल्या पाण्यात पाणघोडे दाटीवाटीने घोरत होते. होडीच्या घाटाशी योतामू खाली वाकला आणि तसाच राहिला. पाण्यातून माणसाची अनवाणी पावलं वर आली होती. मगरींनी भरलेल्या त्या पाण्यात कुणी वेडाही पाय घालत नाही. शिवाय डाव्या पावलाला चारच बोटं होती. करंगळी नव्हती.

ते पाऊल लॅक्सनचं होतं. लॅक्सन म्हणजे तळाचा नावाडी. तरुणपणी होडीच्या साखळीत सापडून त्याची करंगळी गेली होती. आणि तीन महिन्यांपूर्वी तो स्वतःच गेला होता. होडी लव्हाळ्यात पालथी सापडली, लॅक्सन सापडला नाही. गावाने शेवटी त्याचा कोट पुरला.

पावलं बारा कदम वर आली होती आणि तिथेच संपली होती. परतीचं एकही पाऊल नव्हतं.

योतामूने इकडेतिकडे पाहिलं, खराटा उचलला आणि घाटापासून वरपर्यंत सगळं झाडून टाकलं.

"काय खबर आज?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"तरस," तो म्हणाला. "एकटंच होतं."

खोटं का बोलला? कारण त्याच्याआधी एक मोठं खोटं बोलून झालं होतं. सूर्य झाडांना टेकल्यावर होडी सोडायची नाही, हा तळाचा कडक नियम. पण लॅक्सन गेला त्या संध्याकाळी योतामूची तंबाखू संपली होती. "जा रे, पलीकडून पुडी घेऊन ये, चार वल्ही मारायची तर आहेत," असं त्यानेच लॅक्सनला सांगितलं. लॅक्सनने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं, तेव्हाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी होडी सापडली तेव्हा योतामूची जीभ भलतंच बोलून गेली: "दारू प्यायला गेला असेल. मला काय माहीत?" झालं! मर्तिकाला आलेली वडीलधारी मंडळी नाकं मुरडत उठून गेली. लॅक्सनची बायको झेलिता तळावर नोकरांचा स्वयंपाक करायची. ती त्या दिवसापासून मान खाली घालून वावरू लागली, आणि योतामू तिच्याच हातचं रोज जेवत होता.

दुसऱ्या पहाटे तो घाटावर धावत गेला. घाट कोरा होता. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, वळला, आणि थबकला. काल पावलं जिथे संपली होती, तिथूनच आज पुढे सुरू झाली होती. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन ती थांबली होती. म्हणजे आलेला परत गेलाच नव्हता... योतामूने तीही झाडली.

तिसऱ्या पहाटे पावलं स्वयंपाकघरापासून निघून तीन नंबरच्या तंबूपर्यंत गेली होती. तिथे चिपाटा शहरातले न्यिरेंडा मास्तर उतरले होते. शाळेतून निवृत्त झालेले, बोलघेवडे गृहस्थ. योतामू झाडत असतानाच ते तंबूचा पडदा सारून म्हणाले, "अरे, तुमच्या नावाड्याला जरा टॉवेल द्या की! काल दिवेलागणीला इथे उभा होता, हातात वल्हं, नखशिखांत ओला. म्हटलं, बाबा, काय हवंय? म्हणतो कसा, वाट शोधतोय."

"आमच्याकडे नावाडी नाही, मास्तर."

"नाही? मग मी काय स्वप्नात बोललो?" मास्तर हसले. योतामूला हसू आलं नाही.

दुपारी जेवायला तो स्वयंपाकघरात गेला. झेलिता न्शिमा घोटत होती. मक्याचं पीठ घट्ट होत आलं होतं आणि तिचा हात जड झाला होता.

"भाऊजी," ती वर न बघता म्हणाली, "तुम्ही पावलं वाचता. मग मला एक सांगा. परवापासून माझ्या या दाराशी ओल्या तंबाखूचा वास येतोय. ह्यांनी तर जन्मात तंबाखूला हात लावला नाही. दारूलाही नाही, पण ते आता कोण ऐकतंय?"

"चिखलाचा वास असेल, वहिनी. नदी आटलीय."

"असेल." तिने पातेलं खाली उतरवलं. "आमच्या गावचे जुने लोक म्हणायचे, नदीतून आलेला माणूस अडलेलं काम उरकतो आणि आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत परत जातो. म्हणून कुणी बुडालं की आम्ही घाट झाडत नाही."

योतामूचा घास हातातच राहिला. "आणि... कुणी झाडला तर?"

"तर काय? त्याला जायला पावलं तर लागणारच. ज्याने पुसली त्याची घेतो." मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "का हो?"

"उगीच," योतामू म्हणाला.

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण उद्या सांगू, उद्या नक्की, असं म्हणत तो उठला. भित्र्या माणसाचा उद्या फार लांब असतो.

त्या संध्याकाळी बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने वाट झाडली नाही. सूर्य झाडांना टेकला तेव्हा तो आपल्या झोपडीत पाय पोटाशी घेऊन बसला होता. बाहेर पाणघोड्यांचं घोरणं एकाएकी थांबलं. रातकिडेही थांबले. मग दाराबाहेर कुणीतरी हलकेच दोनदा टाळी वाजवली, शहाण्यासुरत्या पाहुण्याने वाजवावी तशी.

"ओडी...?"

या मुलुखात दाराशी ओडी ऐकू आलं की आतल्याने ओडीनी म्हणायचं, या म्हणून. लहान पोरही झोपेत म्हणतं. योतामूच्या तोंडूनही विचार करायच्या आत निघून गेलं.

"ओडीनी."

म्हटलं आणि त्याने तोंडावर हात दाबला. दारावरची चटई हलली. आत कुणी दिसलं नाही. फक्त गाळाचा, लव्हाळ्याचा, कुजलेल्या पाण्याचा वास भरून आला आणि जमिनीवर थेंब पडू लागले... टप्... टप्...

"योतामूदादा," आवाज ओळखीचा होता, आणि ओशाळलेला होता. रागाचा लवलेशही नव्हता, हेच त्याला सोसवेना. "उशीर झाला, दादा. आणली."

"लॅक्सन... मी..."

"जातो मग. झेलिता वाट बघत असेल म्हणायची पण सोय राहिली नाही." थेंब थांबले. मग अगदी कानाशी, हळूच: "दादा... माझी पावलं कुठायत?"

उजाडलं तेव्हा योतामू दाराशी आडवा पडला होता. उंबऱ्यावर वर्तमानपत्रात बांधलेली पुडी होती. वरची तारीख जुलैची होती आणि पुडीतून अजून पाणी ठिबकत होतं. ती उचलून तो अनवाणीच स्वयंपाकघराकडे धावला. चुलीपाशी बसलेल्या झेलितासमोर त्याने पुडी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. तंबाखू, होडी, दारूचं खोटं, खराटा, सगळं. सांगताना तो लहान पोरासारखा रडला.

झेलिताने पुडी ओच्यात घेतली. "तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मी मान खाली घालून तुम्हाला वाढलं, भाऊजी."

"वहिनी, आत्ता जातो. मॅनेजरबाईंना सांगतो, गावात जाऊन सगळ्यांसमोर सांगतो. पण तेवढी माझी पावलं..."

ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्यामागे, तो धावत आला त्या वाटेकडे बघत होती. योतामूने वळून पाहिलं. झोपडीपासून स्वयंपाकघरापर्यंत ताज्या पावलांची एकच ओळ आली होती. डाव्या पावलाला चार बोटं होती.

त्याने खाली वाकून आपला डावा पाय चाचपला. एक, दोन, तीन, चार, पाच. करंगळी जागच्या जागी होती. त्याने तो पाय वाळूवर घट्ट दाबला आणि उचलला. चार.

"झाडा, वहिनी!" तो ओरडला. "तो खराटा घ्या आणि झाडा!"

झेलिताने खराटा घेतला. क्षणभर हातात धरला आणि भिंतीला टेकवून ठेवला. "तुम्ही झाडलीत तेवढी पुरे," ती म्हणाली.

योतामू मॅनेजरबाईंच्या ऑफिसकडे निघाला. ते टेकाडावर होतं, चांगला चढ होता. तो भराभर चालत राहिला, पण चढ काही लागेना. पायाखालची वाळू उलट गार होत गेली, मग ओली, आणि समोर होडीचा घाट दिसला. त्याने थांबायचा प्रयत्न केला. पाय थांबले नाहीत.

मागून झेलिताचा आवाज आला, लॅक्सन होडी सोडायचा तेव्हा घाटावरून यायचा तसा, मऊ, काळजीचा.

"अहो, सावकाश जा."

योतामूला ती कायम भाऊजी म्हणत आली होती.