सत्तेचाळीस नंबर

आम्ही माळकरी. कीर्तनातून उठून आलेल्या माणसाला खोटं लिहवत नाही. सूर्यभानमामांनी गळ्यातल्या माळेवर हात ठेवून जे सांगितलं, तेवढंच लिहितो.

१९९१ साल. सर्वपित्री अमावस्येची तिन्हीसांज. गंगाखेड तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही... तिथली माणसं अजून हायेत.

मामा तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजवर एकटेच मेकॅनिक. कपाटाएवढी नवी मशीन, समोर काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. हुकूम टाइप केला की मशीन विचारायची, नक्की का? हो असेल तर वाय दाबायचं, नसेल तर एन. एवढ्यावर कुणाचाही फोन चालू व्हायचा, नाहीतर बंद.

पंधरवड्याआधी गावचे मोठे जमीनदार दिनकरराव दारात येऊन उभे राहिले होते.

"काय सूर्यभान, नुसता च्याच प्यायलाय का? शेतातल्या आखाड्यावर फोन पायजे. आजच."

"मालक, समद्या लाइनी भरल्यात."

"मग एक रिकामी कर की! त्या कडूबाईला कोन फोन करायलंय?"

कडूबाई म्हणजे वेशीबाहेर एकटी राहणारी विधवा. चहाचं हॉटेल, त्यात गावासाठी दिलेला सार्वजनिक फोन. नंबर सत्तेचाळीस. मामा रोज सकाळी तिथंच चहा प्यायचे. ती त्यांना भाऊ म्हणायची.

मामांनी सत्तेचाळीस खोडायचा हुकूम टाइप केला.

नक्की का?

मामांनी वाय दाबलं. तिची तार काढून आखाड्याला जोडली. मालकांना नवा नंबर दिला, एकशेतीन.

त्याच संध्याकाळी कडूबाईला पान लागलं, म्हणजे साप चावला. सकाळी ती सापडली तेव्हा पाय काळानिळा पडला होता... अन् रिसीव्हर मुठीत घट्ट.

फोन का लागला नाही, ते फक्त मामा अन् दिनकरराव दोघांनाच माहीत होतं. दिनकरराव म्हणाले, "तोंड मिटून ऱ्हा. लय नेक होतास तर वाय कशाला दाबलंस?"

आता त्या अमावस्येला या.

देवळात सप्त्याचं कीर्तन रंगलं होतं. टाळांचा आवाज एक्स्चेंजपर्यंत येत होता. मामाही निघालेच होते...

पडद्यावर ओळ उमटली.

सत्तेचाळीस. रिसीव्हर उचललेला.

मामांनी नंबर पुन्हा खोडला.

पुन्हा उमटला...

मग त्यांनी मशीन रीसेट केली. रीसेटनंतर मशीनला साठवलेलं तेवढंच आठवतं, अन् साठवलेल्या यादीत सत्तेचाळीस नव्हताच. सगळे दिवे विझले. एकेक करून यादी परत आली.

सगळ्यात वर... सत्तेचाळीस.

बाहेर टाळ थांबले.

मामांनी तपासणीचा फोन कानाला लावला. आधी नुसता श्वास. मग अगदी ओळखीचा आवाज...

"भाऊ... एक जीप बोलवा की."

मामांच्या हातातून फोन सुटला. तेवढ्यात एकशेतीनचा दिवा लागला. मामांनी फोन उचलला. दिनकररावच होते, पण आवाज चिरका.

"सूर्यभान... छातीत लय दुखायलंय. इथं कोन बी न्हाई. दवाखान्याला लाव... लवकर!"

मामा दवाखान्याचा नंबर जोडायला वळले.

पडद्यावर आपोआप अक्षरं उमटायला लागली. एकेक. सावकाश.

एकशेतीन खोडा.

नक्की का?

एन दाबलं असतं तर संपलं असतं. फोनमधून मालक ओरडत होते, "सूर्यभान! आरं सूर्यभान!"

पडद्यावर वाय उमटलं.

ओरडणं मधेच तुटलं.

मामा आखाड्याकडे पळाले. पोचेपर्यंत दिनकरराव गार पडले होते.

मामा आता थकलेत. माझ्याशेजारीच कीर्तनाला बसतात. परवा देवळाच्या पायरीवर मी धीर करून विचारलं, "मामा, त्या वक्ताला तुमचं बोट कुठं होतं?"

मामा बराच वेळ चपला शोधत राहिले.

"एनवरच होतं," ते म्हणाले. "पर बाळा, ते दाबू वाटंना बघ."

तेव्हापासून हरिनामात माझं मन लागत नाही. वाय कुणी दाबलं, ते मी परत विचारलेलं नाही.