चिमण्यांसाठी आईला बंद केलं, त्याची गोष्ट

आमच्या गॅलरीत जेवण फुकट होतं, तरी एकही गिऱ्हाईक येत नव्हतं.

समोरच्या कडुनिंबावर चिमण्यांची अख्खी शाळा भरायची. पण आमच्या खाऊघराकडे एकीनेही मान वळवली नाही. आणि खाऊघर काही ऐरंगैरं नव्हतं! बाबांनी पाण्याच्या बाटलीला आरपार भोकं पाडून त्यात लाकडी चमचे घातले होते. दाणे चमच्यात सांडणार, चिमण्या दांड्यावर बसणार. मी करवंट्या घासून सुतळीने टांगल्या. आप्पांनी ज्वारीची कणसं बांधली. आप्पा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. त्यांनी आयुष्यभर प्राण्यांच्या डोळ्यांचा अभ्यास केलाय. स्वतःचा चष्मा मात्र त्यांना सापडत नाही.

आई चंद्रावर असते. तिथली माती तपासते. रविवारी सकाळी दहा मिनिटं ती एका पडद्यावरून आमच्याशी बोलते आणि बाकी आठवडा त्या पडद्यावर तिचा हसरा फोटो चालू असतो. आमच्या घरची पद्धतच आहे, जे करायचं ते आईसकट. जेवताना पडदा ताटाशेजारी. दिवाळीत पडद्याला उटणं. (ते पुसायला आठवडा लागला.) म्हणून खाऊघराच्या मधोमधही आम्ही आईचा पडदा बांधला.

मागच्या रविवारी ती म्हणाली होती, "इथं सगळं आहे गं गिरू, फक्त चिवचिव नाही. बाहेर हवाच नाही, तर आवाज कुठून येणार?"

"पुढच्या रविवारी ऐकवते," मी म्हणाले. आणि आता चिमण्या येईनात.

"त्यांचं केवायसी झालेलं नाही," मल्लप्पा म्हणाला. मल्लप्पा आमचा यंत्रमानव. एका बँकेने जुना झाला म्हणून काढून टाकलेला.

"तूच बुजगावण्यासारखा उभा राहतोस, म्हणून येत नाहीत," बाबा म्हणाले.

मल्लप्पाला राग आला. तो न्हाणीघरात जाऊन बसला आणि त्याने आतून कडी लावली. आम्ही शेजारच्या पाटीलकाकूंकडे आंघोळी केल्या. चिमण्या तरीही आल्या नाहीत.

"आता नियंत्रित प्रयोग करू (एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं)," आप्पा म्हणाले. "मल्लप्पाला हलवून पाहिलं. तो निर्दोष सुटला."

मग चमचे काढून पाहिले. बाबा जरा दुखावले. चमचे परत लावले आणि करवंट्या काढल्या. मी दुखावले. मग कणसं काढली. आप्पा शास्त्रज्ञ असल्यामुळे दुखावल्याचं दाखवू शकले नाहीत. चिमण्या नाहीतच. शनिवार उजाडला.

"आता पडदा," आप्पा हळूच म्हणाले.

"ती आई आहे."

"फोटो आहे, बाळा. पाच मिनिटं फक्त."

आप्पांनी पडदा बंद केला. बघता बघता एक चिमणी चमच्यावर! मग दुसरी. आप्पांनी पडदा चालू केला आणि दोघी भुर्रकन उडाल्या. पुन्हा बंद, पुन्हा हजर.

"त्यांना माझी आई आवडत नाही," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले.

आप्पांनी मला खोलीत नेऊन पंखा लावला. "पाती दिसतात?"

"नाही. नुसती धुरकट चकती."

"पाती कुठं गेली नाहीत. चित्रं फार भराभर आली की आपला डोळा ती वेगळी ठेवू शकत नाही. एकमेकांत विरघळवून टाकतो. आपला पडदाही असाच. जुना आहे, सेकंदाला ऐंशी वेळा विझतो आणि ऐंशी वेळा लागतो. माणसाच्या डोळ्याला साधारण साठ-सत्तरपर्यंतची लुकलुक कळते. त्यापुढे होतो लुकलुक-विलय (लुकलुक दिसेनाशी होऊन अखंड उजेड दिसणं). चिमणीचा डोळा शंभराच्या आसपास जातो. फांद्यांमधून सुसाट उडायचं तर डोळाही तेवढाच चपळ हवा ना! तिला फोटो दिसतच नाही नीट. दिसते ती थरथरणारी वीज."

न्हाणीघराची कडी वाजली. मल्लप्पा बाहेर आला. त्याच्या डोळ्यात वेगवान कॅमेरा आहे. त्याने पडद्याचं चित्रण केलं आणि भिंतीवर अगदी सावकाश दाखवलं. आई. काळोख. आई. काळोख.

"म्हणजे आई सेकंदाला ऐंशी वेळा जाते?"

"आणि ऐंशी वेळा परत येते," आप्पा म्हणाले.

रविवारी आई पडद्यावर आली. तिने केस कापले होते. चंद्राची लाईन, कॅमेरा, माईक, सगळं त्या एकाच पडद्यात, त्यामुळे पडदा घरात नेला तर चिवचिव घरात कशी येणार? मी तिला भराभर सगळं सांगितलं. आवाज चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो, उत्तर यायला आणखी सव्वा.

"मग उजेड बंद कर माझा," ती म्हणाली.

"पण तू दिसणार नाहीस."

"तू दिसशील मला. कॅमेरा कुठं लुकलुकतो?"

मी आठवडाभर या दहा मिनिटांची वाट पाहिली होती. मी बटण दाबलं. काळ्या काचेत माझाच चेहरा उरला. नाक सोडलं तर सगळा आईचाच.

"सेकंदाला दोनशे वेळा लुकलुकणारा पडदा बसवला तर चिमण्यांनाही चालेल," आप्पा कुजबुजले. "मी आणि मल्लप्पा बसवून बघतो."

"अर्ज करावा लागेल," मल्लप्पाही कुजबुजला.

तेवढ्यात त्या आल्या. चमच्यांवर, करवंट्यांवर. भांडणं, ढकलाढकली, आणि चिवचिव, नुसती चिवचिव. एक चिमणी टुणकन पडद्यावरच बसली.

"आई," मी अगदी हळू म्हणाले, "एक तुझ्या डोक्यावर बसलीय."

सव्वा सेकंद. आणखी सव्वा.

"असू दे," आई चंद्रावरून कुजबुजली. "मी हलत नाही."