आधी अक्षर, मग वेलांटी

मालकांनी छापखान्यातले जुने संगणक मोडीत काढले आणि माझी बोटं एका दिवसात निरक्षर झाली. उभा जन्म मी ऱ्हस्व वेलांटी आधी दाबली, अक्षर मागून. नव्या संगणकाला आधी अक्षर लागतं. सवयीनं वेलांटी आधी दाबली की ती बिचारी ठिपक्यांच्या रिकाम्या गोलावर जाऊन बसते. एका दवाखान्याच्या पत्रकात असे ढीगभर गोल गेले, तेव्हा मालक म्हणाले, "ताई, महिनाअखेरपर्यंत जमवा. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

जमवत होते, पण जीव जुन्यातच अडकलेला. शेजारच्या टेबलावर हे बसायचे. संध्याकाळी माझ्या खांद्यावरून हात घालून माझ्याच कीबोर्डवर टाईप करायचे : अगं, निघायचं का?

"तोंड नाही का तुम्हाला?" मी म्हणायचे. मग 'हो' म्हटलं की खुर्चीला अडकवलेली माझी पिशवी काढून घेऊन हे चालू पडायचे.

गेल्या वर्षी हे गेले. नवे संगणक त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत.

एका संध्याकाळी पाणी पिऊन परत आले, तर मजकुराखाली एक ओळ होती.

अगं, ◌िनघायचं का?

मीच बडवलं असणार, बोटांना काय कळतंय! पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला उठताना कीबोर्ड काढून कपाटात ठेवला. तरी ओळ होतीच.

बायंडिंगवाल्या मावशींना विचारलं, "माझ्या टेबलाशी कोण आलं होतं?"

"तुमच्या खुर्चीला हात लावायची कुणाची टाप आहे?" त्या हसल्या. मग त्यांनी हवेत हुंगलं. "लवंगेचा वास मात्र येतोय बाई."

दाढ दुखायची म्हणून हे सदा लवंग धरायचे.

त्या दिवशी मी ओळ पुसली नाही. पडद्याजवळ वाकून हळूच म्हटलं, "अहो, आधी अक्षर, मग वेलांटी."

पुढच्या संध्याकाळी वेलांटी गोलावरून उतरली होती, पण पडली होती घ-वर. मला खुदकन हसू आलं आणि मग रडू आवरेना. नवीन काही शिकायचं म्हटलं की हे असेच धांदरट. मी पुन्हा सांगितलं. रोज सांगत राहिले. मला फक्त एकदा, धड, त्यांनी विचारलेलं हवं होतं.

महिनाअखेरीला मालकांनी माझं काम चाळलं. "एकही गोल नाही! शिकलात की ताई." ते गेले, मावशीही गेल्या.

मी उठले नाही. हात मांडीत घेऊन बसले.

अगं,

लवंगेचा वास उजव्या खांद्याशी आला.

कीबोर्डवरची एक कळ खाली गेली. न.

बराच वेळ काही नाही. "हं," मी म्हटलं, "आता वेलांटी."

दुसरी कळ खाली गेली.

निघायचं का?

बरोबर. अगदी बरोबर.

"हो," मी म्हणाले.

पाठीमागे खुर्चीला अडकवलेली माझी पिशवी कुणीतरी अलगद काढून घेतली.