पाचवी रेघ

घड्याळ दुरुस्त करणारे बेळगावात अजून चार-सहा जण सापडतील. पण जुन्या घड्याळाची डायल अस्सल आहे की कुणी मागाहून रंगवलेली, हे विचारायचं झालं की कोल्हापूर-सांगलीचे शौकीनसुद्धा खडेबाजारात माधवीकडेच येत. दुकान तिच्या वडिलांचं, मारुतीरावांचं. ते गेल्यावर तिनं दुकान चालवलं आणि नजरही त्यांचीच उचलली. "अक्षरं बघू नकोस, अक्षरांच्या कडा बघ," असं ते म्हणत. कारखान्यातली छपाई केसासारखी बारीक असते. हातानं रंगवलेलं अक्षर ओल्या कागदावरच्या शाईसारखं फुगतं.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी दुपारी नीलम आली. निपाणीजवळच्या बोरगावची, चाळिशीची, तंबाखूच्या वखारीत कामाला. तिनं रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काउंटरवर ठेवलं.

"आक्का, ह्ये आमच्या मालकांचं घड्याळ. खरं हाय का तेवढं सांगा."

सोबत तिनं लग्नातला फोटो आणला होता. नवरदेवानं मनगट मुद्दाम पुढं केलेलं. सासऱ्यांनी दिलेलं चावीचं स्विस घड्याळ, खाली सहाच्या जागी सेकंदाचं छोटं वर्तुळ.

माधवीनं डोळ्याला भिंग लावलं आणि तिला हसूच आलं. ते छोटं वर्तुळ डावीकडे सरकलं होतं; सेकंदाचा काटा दर फेरीला त्याची रेघ ओलांडून बाहेर जात होता. आकडे फुगलेले. तळाशी काठाला देशाचं नाव असतं, ते रंगवणारा चक्क विसरला होता.

"यंत्र जुनंच आहे, खरं आहे," ती म्हणाली. "डायल मात्र कुणीतरी पुन्हा रंगवलीय. आणि वाईट रंगवलीय." एकेक चूक तिनं बोट दाखवून सांगितली. मग मोबाइलवर डायलचा फोटो काढला आणि मागचं झाकण उघडून आतल्या बाजूला सुईनं बारीक तारीख कोरली. हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळात ती अशी खूण ठेवत असे.

नीलम उठली नाही. घड्याळाकडं बघतच तिनं सांगायला सुरुवात केली.

तिचा नवरा विक्रम विजेच्या तारा ओढणाऱ्या टोळीत होता. तीन वर्षांपूर्वी कणकुंबीच्या जंगलात काम चाललं होतं. एका दुपारी तो पाण्याला म्हणून गेला आणि परतलाच नाही. दहा दिवस शोध झाला. यंदा दसऱ्याच्या आठवडाभर आधी तो अंगणात येऊन उभा राहिला. हातात हेच घड्याळ. सासूनं, मालुबाईनं, त्याला पोटाशी धरलं.

"मग?"

"मालकांचा डावा पाय वढायचा, आक्का. ल्हानपनी बैलगाडीवरनं पडल्याले. ह्यो सरळ चालतोय. ते आधी भाकरी खायाचे, मग भात. ह्यो आधी भात मागतोय. आत्याबाईस्नी 'ह्ये त्ये न्हवंत' एवढंच म्हनलं तर म्हनत्यात, पोरगं परत आलंय, आन् तू चुका काय काढतीस?"

"पायाचं, भाकरीचं घरात कुणाला बोललीस कधी?"

"न्हाय. ह्ये तोंडातनं काढतीय ते तुमच्याफुडंच."

घड्याळ दोघींच्या मध्ये काउंटरवर चालत होतं.

पुढच्या मंगळवारी ती परत आली. डोळे खोल गेलेले. आल्या आल्या तिनं घड्याळ पुढं केलं.

सेकंदाचं वर्तुळ बरोबर मध्यावर होतं. तळाशी देशाचं नाव होतं, केसासारख्या बारीक अक्षरांत.

डायल बदललीय, हा माधवीचा पहिला विचार. अशा लबाड्या तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. ही बाई आपल्याला खेळवतेय का, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. तिनं झाकण उघडलं. आत तिनंच कोरलेली तारीख. स्क्रूच्या खाचांतला जुना गंज तसाच. पेचकस लागल्याचा एक ओरखडाही नव्हता. तिनं मोबाइलमधला आधीचा फोटो उघडला. फोटोत वर्तुळ डावीकडे होतं आणि तळ कोरा होता. फोटो तिनं स्वतः काढलेला.

"कुणाकडे दिलं होतंस?"

"कुनाकडं न्हाय. आठवडाभर त्यांच्या हातात हुतं." नीलम पुढं वाकली. "आक्का, ते लंगडाय लागलेत."

"कधीपासून?"

"त्या दिशी मी हितनं घरी गेले, तर दारातच हुबे हुते. माझ्याकडं बघितलं आन् डावा पाय वढत आत गेले. जेवाय बसल्यावर म्हनले, आधी भाकरी वाढ."

माधवीनं उगाचच पुन्हा भिंग लावलं. आकडेही आता सडपातळ झाले होते. सात आणि आठच्या मध्ये मिनिटांच्या चार रेघा असतात. इथं पाच होत्या. सबंध डायलवर एकसष्ट.

तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. घड्याळ रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं, नीलमला बाहेर रस्त्यावर नेलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, "चार दिवस माहेरी जा. आजच."

"आत्याबाईस्नी काय सांगू? आन् घड्याळ?"

घड्याळ तिला परत न्यावंच लागलं.

शुक्रवारी दुपारी तो आला.

साधा माणूस. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. डावा पाय ओढत तो पायरी चढला आणि स्टुलावर बसला.

"नमस्कार, आक्का. नीलम लई नाव घेती तुमचं. नजर लई बारीक हाय म्हनं." त्यानं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. "बघा की. अजून काय चुकलंय?"

माधवीनं भिंग लावलं. कोपर काचेवर टेकलं. पाचवी रेघ तिथंच होती. तिच्यावर नजर थांबू न देता तिनं काट्यांवरून, आकड्यांवरून नजर फिरवली.

"काही नाही."

"नीट बघा."

"बघितलं. अस्सल आहे."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. बाहेर भाजीवाला कन्नडमध्ये कुणाशी तरी हुज्जत घालत होता.

"एक बी चूक न्हाय?"

"नाही."

त्यानं घड्याळ मनगटावर बांधलं. हसला, अगदी लग्नातल्या फोटोतल्यासारखा.

"मग चूक घड्याळात न्हायच म्हनायची," तो म्हणाला. "चूक बघनारीत हाय."

आणि पाय ओढत तो पायरी उतरून गेला.

तिनं लगेच नीलमला फोन लावला. रिंग वाजत राहिली. शनिवारी तेच, रविवारी तेच. मंगळवारी नीलम आली नाही. बुधवारी सकाळी माधवीनं दुकान बंद ठेवलं आणि निपाणीची गाडी पकडली. सबंध वाटेत ती स्वतःला सांगत होती की आपण खोटं बोललो ते त्या बाईच्या भल्यासाठी.

दार नीलमनंच उघडलं.

"कोन पायजे?"

"अगं, मी माधवी. बेळगावची. घड्याळाच्या दुकानातली."

"बेळगावला मी कदी आलेच न्हाय, आक्का." ती गोड हसली. "पर या की आत. चा घ्या."

आत बाजेवर मालुबाई तांदूळ निवडत होती. समाधानी दिसत होती. "आता कसं ब्येस चाललंय," ती आपणहून म्हणाली. "आधी सून लई कटकट करायची. चार दिस झालं, एक शबूद न्हाय."

नीलम चहा घेऊन आली आणि बशी द्यायला वाकली. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. दोन वेळा ती काउंटरपलीकडं बसली तेव्हा ते बरोबर मध्यभागी होते.

आता ते डावीकडे सरकले होते. जाड, फुगलेले. वरच्या ठिपक्याची कड ओठावर सांडली होती.

नजर काढून घ्यायला माधवीला उशीर झाला.

"अशा काय बघताय, आक्का?" नीलमनं विचारलं. "काय चुकलंय व्हय?"

आणि तिनं चेहरा उजेडाकडं वळवला, हनुवटी जराशी वर उचलली, आणि नीट दिसावी म्हणून तशीच धरून थांबली.